उतरता कर्ब आणि उभा कर्ब: घरी ट्रेलर मागे घेताना

दोन घरं सोडून राहणारा शेजारी त्याचा २६ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर (पिकअप ट्रकमागे ओढायचं चाकांवरचं घर) रस्त्यावरून थेट हिरवळीवर चढवतो आणि कुंपणाच्या फाटकातून आत घालतो. पाच मिनिटांत काम फत्ते. ते बघून मीही आमचा २४ फुटी तसाच घ्यायला गेलो. मागची चाकं रस्त्याच्या कडेला, कर्बला टेकली आणि अडली. थोडा पाय दिला, ढिम्म. आणखी दिला, तेव्हा ट्रेलर धाडकन उसळून वर गेला, आतला कुकर कपाटातून खाली आला आणि फोनवरून बायको ओरडली, ‘‘अहो, थांबा!’’ थांबून उतरलो तर एका टायरच्या बगलेवर चंद्रकोरीएवढा काप.

ट्रक तसाच, ट्रेलर जवळपास तसाच, गल्लीही तीच. वेगळा होता तो कर्ब, आणि तो वेगळा आहे हे तीन वर्षं तिथे राहून मला दिसलं नव्हतं.

आम्ही डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरात राहतो. इथल्या अनेक वसाहतींत ट्रेलर समोर दिसेल असा उभा ठेवलेला चालत नाही, कुंपणाच्या आड न्यावा लागतो. आमचा ड्राइव्हवे, म्हणजे रस्त्यावरून गाडी आत घ्यायची वाट, घराच्या एका अंगाला आणि मोकळी जागा दुसऱ्या अंगाला, त्यामुळे कर्ब ओलांडण्यावाचून गत्यंतर नाही.

कर्ब म्हणजे रस्त्याची काँक्रीटची कड. तिच्या पायाशी एक-दोन फूट रुंद, किंचित खोलगट पट्टा असतो, तो गटर. (आपलं गटार नव्हे. यातून फक्त पावसाचं पाणी वाहतं.) ही कड दोन तऱ्हेची असते. एकीचा माथा गोलाकार आणि अंग उतरतं, तिला इथे रोल्ड कर्ब म्हणतात. दुसरी जवळजवळ काटकोनात उभी, तिला बॅरिअर कर्ब किंवा व्हर्टिकल कर्ब. उतरता कर्ब बहुधा ४ इंचांच्या आसपास, उभा साधारण ६ इंच. दोन इंचांचा फरक ऐकायला काहीच वाटत नाही, आणि तिथेच फसायला होतं. चाकाला उंचीपेक्षा आकार जास्त जाणवतो.

उतरता कर्ब बांधतात तो मुळी गाडी चढावी म्हणूनच. नवी वसाहत उभारताना कोणत्या घराचा ड्राइव्हवे कुठे येणार हे आधी ठरलेलं नसतं. सरसकट उतरती कड घातली की पुढे प्रत्येक घरासमोर काँक्रीट कापत बसावं लागत नाही. उभ्या कर्बचं काम नेमकं उलटं: गाडीला रस्त्यावरच ठेवायचं आणि पाणी गटरमध्येच.

आणि खरी गोम अशी की एकाच गल्लीत दोन्ही असतात. घरांसमोर उतरता कर्ब चाललेला असतो, पण पावसाचं पाणी जमिनीखाली घेणारं तोंड, म्हणजे इनलेट, जवळ आलं की तोच कर्ब हळूहळू उभा होत जातो. कोपऱ्यांवरही तेच. आमच्या घरासमोर इनलेट आहे. वर गवत झुकलेलं, खाली पानं साचलेली. ड्रायव्हरच्या आरशातून दोन्ही कडा अगदी सारख्या दिसतात. ओळखायचं कसं, तर उतरून गटरमध्ये उभं राहायचं आणि बुटाचं टोक कडेला लावायचं. बूट घसरत वर गेला तर उतरता, टोक भिंतीला लागल्यासारखं अडलं तर उभा.

चाक अडतं ते का, हे एकदा कागदावर मांडून पाहिलं. आमच्या टायरचा व्यास २६ इंच, म्हणजे आसापासून जमीन १३ इंच. समोर ६ इंचांची उभी पायरी आली तर नुसतं ढकलून चाक उचलायला त्या चाकावरच्या ओझ्याच्या दीडपटीहून जास्त जोर लागतो. हीच पायरी दीड इंचाची असेल तर ओझ्याच्या साधारण निम्मा पुरतो. रबर दबतं, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण हिशेबाचा रोख बदलत नाही. तो दीडपट जोर मी पॅडलवर पाय दाबून गोळा केला होता, आणि चाक माथ्यावर पोचताक्षणी त्याला अडवणारं काही उरलं नाही. कुकर पडला तो त्यामुळे.

उतरत्या कर्बवर हा प्रश्न येतच नाही. ट्रक पहिल्यापासून कूर्मगतीने मागे घ्या, थोडा तिरका आला तरी बिघडत नाही. फळ्यांची गरज नाही, उलट फळ्या ठेवल्याच तर गोल अंगावर त्या नीट बसत नाहीत, हिंदकळतात.

उभ्या कर्बला मात्र फळ्या लागतात. इथल्या लाकडाच्या दुकानात ‘दोन बाय बारा’ मागायची. ती भरते दीड इंच जाड आणि सव्वाअकरा इंच रुंद. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! पण आपल्याला दीड इंचच हवा असतो. तीन थर: खाली ३ फुटांचा तुकडा, त्यावर २ फुटांचा, त्यावर १ फुटाचा, एका टोकाला सारखे करून स्क्रूने एकमेकांत आवळलेले. सारखं टोक कर्बला भिडवायचं. तीन थर साडेचार इंच भरतात, म्हणजे कर्बच्या माथ्यावरची शेवटची पायरीही दीडच इंचाची उरते. असे दोन जिने करायचे, डाव्या-उजव्या चाकांसाठी एकेक. आमच्या ट्रेलरला चाकांचे दोन आस, म्हणजे अ‍ॅक्सल, आहेत. मागचा अ‍ॅक्सल चढून गेला की पुढचा त्याच जिन्यावर येतो.

जिने असले तरी ट्रेलर कर्बला काटकोनात आला पाहिजे, म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं एकदम चढतात. तिरका आला की एक बाजू आधी उचलली जाते, सांगाडा पिळला जातो आणि टायरची बगल उभ्या कडेवर घासते. टायरच्या तळाला जाड रबर असतं, बगल पातळ. माझा काप तिथलाच. दोन अ‍ॅक्सलच्या ट्रेलरला वळवताना चाकं आडवी फरफटतात, म्हणून काय वळवायचं ते रस्त्यावर वळवून घ्यावं. (स्टीअरिंगला हात खालच्या बाजूला धरा आणि शेपूट जिकडे जायला हवी तिकडे हात न्या. गावाकडे ज्याने ट्रॅक्टरची दोनचाकी ट्रॉली मागे घेतली आहे त्याला हे सांगायला नको.)

आकार चाकाला कळतो, तर उंची कळते शेपटीला. इथे दोन्ही कर्ब सारखेच दगा देतात. ट्रेलरची चाकं गटरच्या खोलगट भागात असतात तेव्हा मागचा भाग हिरवळीवर आलेला असतो. चाकं सगळ्यात खाली, शेपटीखालची जमीन वर. मागचे टेकू आणि सांडपाण्याचा नळ याच क्षणी घासतात. पुढे ट्रकची मागची चाकं गटरमध्ये उतरली की ट्रेलरचं नाक खाली येतं आणि ट्रकला जोडणाऱ्या दांडीवरच्या जॅकचा पाय हिरवळीला टेकू पाहतो. म्हणून जॅक पूर्ण वर घ्यायचा, त्याच्या तळाची थाळी काढून ठेवायची.

ट्रेलरच्या नाकावरचा भार इतर चाकांवर वाटून देणारे लोखंडी दांडे, म्हणजे स्प्रिंग बार, लावलेले असतील तर कर्ब ओलांडण्याआधी काढा. ट्रक आणि ट्रेलर यांच्यात असा कोन आला की त्यांच्यावर भलताच ताण येतो. ट्रेलरचं डोलणं रोखणारा घर्षणाचा बार असेल तर तो रिव्हर्स घेण्याआधी काढायचाच, कर्ब असो वा नसो. बार काढले की नाकाचा सगळा दाब थेट ट्रकच्या शेपटीवर येतो. हा दाब ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावा असा संकेत आहे. आमचा ट्रेलर भरल्यावर ६००० पाउंड, म्हणजे सुमारे २७०० किलो, तर नाकावर ६०० ते ९०० पाउंड. बैलगाडी भरणाऱ्या माणसाला हे टक्के न सांगता कळतात. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते आणि जू वर उचललं जातं, पुढे जास्त झाला की बैलांच्या मानेवर येतं.

कर्ब ओलांडला म्हणजे सुटलो असं नाही. उत्तर टेक्ससची माती काळी आणि चिकण, उन्हात भेगाळणारी, पावसात फुगणारी. लातूरच्या आमच्या शेतातली काळी जमीन इथे हिरवळीखाली निघाली, तेव्हा मला गंमत वाटली होती. पाऊस होऊन दोन दिवस गेले नसतील तर या मातीवर ट्रेलर आणायचा नाही. चाकं रुततात आणि चाकोरी वर्षभर दिसते. पाण्याच्या मीटरचं झाकण आणि स्प्रिंकलरची तोंडं आधीच खुणा करून ठेवायची, इनलेटच्या माथ्यावर चाक घालायचं नाही.

मदतीला एक माणूस हवाच, पण उभा कुठे राहतो त्याला महत्त्व आहे. बायको ड्रायव्हरच्या बाजूला, आरशात दिसेल अशी उभी राहते. ती दिसेनाशी झाली की मी ब्रेक दाबतो, कारण विचारत नाही. ट्रकची चाकं फळ्यांवर येतात तेव्हा ती रस्त्याच्या बाजूला अजिबात थांबत नाही. ट्रक मागे जात असताना इंजिनाच्या जोरावर फिरणारी चाकं फळी पुढे, रस्त्याकडे भिरकावू शकतात. ट्रेलरची चाकं नुसती फिरती असतात, ती फळी कर्बकडे दाबतात.

आत गेल्यावर आधी चाकांना अडणी, मग हूक सोडायचा. आणि फळ्या लगेच उचलायच्या. गटरमध्ये राहिल्या तर पावसाचं पाणी अडतं आणि शहराची माणसं दार वाजवतात. ही कटकट कायमची मिटवायची तर शहराकडून परवानगी काढून कर्ब कापून घेता येतो, खर्च अर्थात आपला.

परवा मी फळ्या लावत असताना शेजारी बघत उभा होता. या कशाला लागतात तुला, म्हणाला, मी तर नुसताच चढवतो. त्याला त्याच्या दारापासून आमच्या इनलेटपर्यंत गटरमधून चालत आणलं, बूट कडेला घासत. शेवटच्या दहा फुटांत त्याचा बूट अडला.