बेस साडेआठ ते सव्वादहा

कोल्हापूर जिल्ह्यात गळीत हंगाम तोंडावर आला की ‘बेस’ हा इंग्रजी शब्द चहाच्या टपरीवरही ऐकू येतो. रंगाऱ्याच्या तोंडी बेस म्हणजे पहिला हात, विज्ञानाच्या शिकवणीत आम्लाच्या विरुद्ध टोकाचा पदार्थ. शिरोळ-हातकणंगल्याच्या ऊस उत्पादकासाठी मात्र बेस एकच : एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा केंद्राने ठरवलेला किमान दर, ज्या साखर उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्केवारीला) जोडलेली असते, तो आकडा. उतारा त्याच्या वर गेला, तरच जादा पैसे.

मूळ शब्द ग्रीक, अर्थ पाऊल किंवा बैठक. १७५४ मध्ये फ्रान्सच्या रुएल या रसायनशास्त्रज्ञाने आम्लाशी संयोग होऊन ज्याचे घन क्षार बनतात, अशा पदार्थांना हे नाव दिले. हा रसायनातला बेसही कारखान्यात असतोच. उसाचा कच्चा रस आंबूस असतो. त्यात चुन्याचे दूध आणि गंधकाचा धूर सोडून तो निवळून घेतात. त्या बेसवरून कधी रास्ता रोको झाला नाही.

आंदोलने होतात ती दुसऱ्यावरून. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाखाली केंद्र सरकार किमान वैधानिक दर, म्हणजे एसएमपी, ठरवत असे. तो साडेआठ टक्के उताऱ्याला धरलेला होता, पुढे नऊ टक्के झाला. २००९ मध्ये आदेशात दुरुस्ती होऊन एफआरपी आली आणि २००९-१० साठी टनाला १२९८ रुपये ४० पैसे दर ठरला, बेस साडेनऊ. २०१८-१९ ला बेस दहा झाला, २०२२-२३ ला सव्वादहा.

यातली मेख टनाच्या हिशेबात दिसते. उतारा बारा टक्के धरू, म्हणजे टनामागे १२० किलो साखर. आपल्याकडे हे नवल नाही. २०१७-१८ ला एफआरपी २५५० होती आणि साडेनऊच्या वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला जादा २६ रुपये ८० पैसे. बारा टक्क्यांना ३२२० झाले. पुढच्या वर्षी दर २७५०, ‘टनाला दोनशेची वाढ’ अशी बातमी. पण बेस दहा, वरच्या ०.१ ला साडेसत्तावीस, म्हणजे ३३०० रुपये. दोनशेतले ऐंशीच हाती लागले. बेस साडेनऊवरच ठेवला असता तर त्याच २७५० ला ३४७४ च्या आसपास मिळाले असते. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते ती वेगळीच. २०२२-२३ लाही तेच : जाहीर वाढ दीडशेची, बारा टक्क्यांना प्रत्यक्षात १०४ रुपयांची.

सरकारची बाजूही ऐकायला हवी. को ०२३८ या उसाच्या वाणामुळे उत्तर प्रदेशचा उतारा झपाट्याने वाढला, देशाची सरासरी वर गेली; मग बेसही वर न्यावा, असे कृषिमूल्य आयोगाचे म्हणणे. तर्क अगदीच लंगडा नाही. पण चांगले बेणे, खत-पाणी आणि वेळेवर तोड यांतून उतारा वाढवायचा शेतकऱ्याने, आणि वाढलेला उतारा मोजायची पट्टीच सरकवायची सरकारने, हे कोणाला पटेल? निदान दराची घोषणा करताना मागच्या वर्षीचा बेस शेजारी लिहायला काय हरकत आहे?

स्वाभिमानी शेतकरी संघटनेच्या जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत म्हणूनच पहिल्या उचलीच्या, म्हणजे ऊसबिलाच्या पहिल्या हप्त्याच्या, आकड्याबरोबर बेस पुन्हा साडेआठ करण्याची मागणी येते.

बेस चढवताना केंद्राने एक सवलत ठेवली : साडेनऊच्या खाली उतारा असलेल्या कारखान्यांच्या उसाला ठरावीक दराखाली कपात नाही. २०१८-१९ ला तो दर २६१२ रुपये ५० पैसे होता. कमी उताऱ्याच्या भागाला त्याने आधार मिळाला. बारा टक्क्यांवाल्या कोल्हापूरला ती सवलत लागूच होत नाही.