रोल-प्लेइंग खेळातील पार्टी : शोध व लढाई यांचा समतोल

टेबलावरील रोल-प्लेइंग खेळात प्रत्येक खेळाडू एकेका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो आणि साधारणतः तीन ते सहा पात्रांची पार्टी, म्हणजे गट, एकत्र मोहिमेवर निघते. वाट काढणे, सापळे ओळखणे, कुलपे उघडणे, चाहूल घेणे व कडे चढणे ही शोधाची कौशल्ये. शस्त्रे, चिलखत व मारक मंत्र ही लढाईची. दोन्हींची वाटणी पात्रांमध्ये कशी करावी, हा प्रश्न या खेळप्रकाराइतकाच जुना आहे.

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पहिल्या संचात (1974) लढवय्या, मांत्रिक व धर्मगुरू असे पात्रांचे तीनच वर्ग, म्हणजे प्रकार, होते. शोध हे कोणा एकाचे काम नव्हते. फरशी काठीने ठोकून पाहतो, दाराला कान लावतो, असे खेळाडूने तोंडाने सांगायचे आणि डीएमने (खेळ चालवणाऱ्या सूत्रधाराने) परिणाम ठरवायचा. मोजके फासे तेवढे ठरलेले होते : चोरदार शोधताना सहा बाजूंच्या फाशावर 1 किंवा 2 पडावे लागे, एल्फ असल्यास 1 ते 4 चाले. दर दहा मिनिटांच्या फेरीला डीएम फासा टाकी व 6 पडल्यास भटका राक्षस समोर येई. भुयारातून बाहेर आणलेल्या सोन्यावर अनुभवगुण (पात्राची पातळी वाढवणारे गुण) मिळत असल्याने लढाई टाळून खजिना काढणे शहाणपणाचे ठरे.

चोर हा वर्ग नेमका कोणाचा, याविषयी मतभेद आहेत. तो छापील नियमांत ‘ग्रेहॉक’ या पुरवणीतून (1975, गायगॅक्स व रॉब कुंट्झ) आला, हे निर्विवाद. मात्र त्याचा मसुदा गायगॅक्स यांनी 1974 मध्येच, बहुधा वर्षाच्या मध्यास, खेळाडूंच्या एका वार्तापत्रात दिला होता. कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथील ‘एरो हॉबीज’ या दुकानाचे गॅरी स्विट्झर यांच्याशी दूरध्वनीवर झालेल्या बोलण्यातून कल्पना मिळाल्याचे खुद्द गायगॅक्स यांनी मान्य केले आहे. त्या दुकानात खेळणाऱ्या मंडळींकडे मूळ श्रेय जाते, असे एक मत; अद्भुत कथांतील चोर-नायकांवरून हा वर्ग आज ना उद्या घडलाच असता, असे दुसरे. कल्पना दुकानातली आणि चोराच्या कौशल्यांची शक्यता टक्क्यांत मांडण्याची चौकट गायगॅक्स यांची, असे मानणे पुराव्याला अधिक धरून आहे.

समतोलाच्या दृष्टीने ‘ग्रेहॉक’ला या वादाहून मोठे महत्त्व आहे. त्याच पुस्तिकेने वर्गागणिक प्राणगुणांचे (पात्र किती मार सोसू शकते त्या आकड्याचे) फासे वेगळे केले व राक्षस मारण्याचे अनुभवगुण बरेच घटवले. लढवय्याला आठ बाजूंचा फासा मिळाला, चोराला चार बाजूंचा. म्हणजे शोधाचे मोल वाढले आणि शोधणारा नाजूक झाला. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या 1981 च्या बेसिक संचात पहिल्या पातळीच्या चोराला कडा चढण्याची शक्यता 87 टक्के, कुलूप उघडण्याची 15 आणि सापळा शोधण्याची अवघी 10 टक्के आहे. एवढ्या तोकड्या आकड्यांसाठी बाकीच्यांनी सापळे पाहणे सोडून दिले, ही टीका रास्त वाटते. जे सर्वांचे होते ते एकाकडे गेले आणि तो मेला की पार्टी आंधळी झाली.

याच खेळाच्या तिसऱ्या आवृत्तीत (2000) ही दरी आकड्यांत उतरली : बुद्धीमुळे मिळणारे जादा गुण वगळता ‘रोग’ला (rogue, म्हणजे चोराला) दर पातळीला 8 कौशल्यगुण, ‘फायटर’ला (लढवय्याला) 2. पाचव्या आवृत्तीने (2014) शोध, सामाजिक व्यवहार व लढाई असे खेळाचे तीन खांब मानले आणि कुलपाची हत्यारे पार्श्वभूमीच्या जोरावर कोणत्याही वर्गाला खुली केली. तिचा गटचाचणीचा नियम विशेष उपयोगी आहे. चौघे दबक्या पावलांनी निघाले व प्रत्येकाची यशाची शक्यता 60 टक्के असली, तर चौघेही न चुकता पार पडण्याची शक्यता केवळ 13 टक्के; पण निम्मे यशस्वी झाले तरी गट यशस्वी, असे धरल्यास ती 82 टक्क्यांवर जाते. पहिल्या पद्धतीत पार्टी शेवटी एकट्या ‘रोग’ला पुढे पाठवते व बाकीचे मोबाइल पाहत बसतात. दुसऱ्या पद्धतीत चिलखतवालाही सोबत निघतो.

ठाणे व नवी मुंबईतील गटांना या समतोलासाठी घरचेच कथानक उपलब्ध आहे. 1737 साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ठाणे घेतले, तेव्हा पोर्तुगीजांच्या किल्ल्याचे बांधकाम अपुरे होते. (तेथे आज मध्यवर्ती कारागृह आहे.) अशा मोहिमेत कोणती भिंत अर्धवट आहे हे कळणे तलवारीच्या हाताइतकेच मोलाचे. पार्टीत कोळी नाखवा असावा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला होडी पार आत जाते, पण ओहोटी लागायच्या आत परतले नाही तर ती खाजणात रुतते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, पाणी फारसे चढत-उतरत नाही. “नाखवा, किती वेळ आहे आपल्याकडं?” हा प्रश्न टेबलावर आला की शोध आणि लढाई एकाच घड्याळावर येतात. चिखलात चिलखतवाल्याची चाल निम्मी धरावी आणि नाखव्याला वल्ह्याने लढू द्यावे. निव्वळ वाटाड्या म्हणून पात्र दिल्यास पहिल्या चकमकीत त्या खेळाडूला काम उरत नाही.

संगणकीय खेळांत ‘विझार्ड्री’ने (1981) सहा जणांची पार्टी दिली. पुढचे तिघे हातघाईची लढाई करत आणि चोर बहुधा मागच्या रांगेतून पेटीचे सापळे काढी. ‘बाल्डर्स गेट 3’मध्ये (2023) पार्टी चौघांची आहे व सोबती बदलता येतात, त्यामुळे वाटणीची चूक तळावर परतून सुधारता येते.