लेबल खरोखर छापले गेले, हे संगणकाला कसे कळते?

संगणकाच्या पडद्यावर छपाई पूर्ण झाल्याचा संदेश येतो, तेव्हा बहुतेक वेळा एवढेच घडलेले असते की संगणकाने आपल्याकडची माहिती तारेवरून पुढे ढकलली आणि पलीकडच्या प्रिंटरने ती आपल्या स्मृतीत उतरवून घेतली. कागद सरकला का, रिबनची शाई लेबलवर उमटली का, याचा त्या संदेशाशी काहीही संबंध नसतो.

घरातल्या छपाईत यामुळे फारसे बिघडत नाही. वडोदऱ्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी मात्र औषधांच्या किंवा रसायनांच्या खोक्यांवर अनुक्रमांकाची लेबले लावली जातात, आणि तिथे एक लेबल कमी पडणे किंवा एकच क्रमांक दोनदा छापला जाणे म्हणजे अख्खी पाठवणी अडणे. “काका, सिस्टिममध्ये तर प्रिंट झालंय,” असे संगणकावर बसलेला मुलगा सांगतो आणि पॅकिंगवरचे काका म्हणतात, “अरे, रिबन केव्हाच संपलीय, ही बघ कोरी लेबलं.” अशा वेळी दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे असते, प्रिंटरला कोणी काही विचारलेलेच नसते.

प्रिंटरला उत्तर देता येणे ही सोय हळूहळू आली. जुन्या समांतर जोडणीत ‘व्यग्र आहे’, ‘कागद संपला’, ‘चूक आहे’ अशा मोजक्या खुणांसाठी स्वतंत्र तारा होत्या. १९९४ च्या आयईईई १२८४ या मानकाने त्याच केबलमधून दोन्ही दिशांनी माहिती नेण्याच्या पद्धती ठरवून दिल्या. यूएसबीच्या सर्वसाधारण प्रिंटर-नियमांत स्थितीसाठी एकच बाइट ठेवलेला आहे, आणि त्यातून कागद आहे की नाही, प्रिंटर तयार आहे की नाही आणि चूक आहे की नाही, एवढेच कळते. लेबलच्या कामाला हे अपुरे पडते, म्हणून लेबल प्रिंटरांच्या आज्ञाभाषांनी आपापली प्रश्नोत्तरे तयार केली.

झेब्रा कंपनीच्या झेडपीएल या भाषेचे उदाहरण घेऊ. संगणकाने टिल्ड (~ हे चिन्ह), एच, एस ही तीन अक्षरे पाठवली की प्रिंटर स्वल्पविरामांनी तोडलेल्या आकड्यांच्या तीन ओळी परत पाठवतो. पहिल्या ओळीत कागद संपल्याची खूण, थांबवून ठेवल्याची खूण, ठिपक्यांत मोजलेली लेबलची लांबी, स्मृतीत वाट पाहत असलेल्या लेबल-आराखड्यांची संख्या आणि रिबनची शाई उष्णतेने लेबलवर उतरवणारे छपाईचे हेड फार थंड वा फार गरम झाल्याच्या खुणा असतात. दर मिलिमीटरला ८ ठिपके छापणाऱ्या यंत्रात ५० मिलिमीटरच्या लेबलसाठी लांबीचा आकडा ४०० च्या आसपास यायला हवा. तो भलताच आला, तर दोन लेबलांमधली फट सेन्सरला नीट दिसत नसल्याचा संशय घ्यावा. दुसऱ्या ओळीत हेड उघडे असल्याची, रिबन संपल्याची आणि पाठच्या कागदावरून सोललेले लेबल कोणी उचलण्याची वाट पाहत असल्याची खूण असते, शिवाय चालू गठ्ठ्यातली किती लेबले उरली, हे आठ अंकांत लिहिलेले असते. टिल्डने सुरू होणाऱ्या आज्ञा नियंत्रणाच्या असल्याने त्या छपाईच्या रांगेत मागे उभ्या राहत नाहीत, आणि हा मला या रचनेतला सर्वांत शहाणा भाग वाटतो, कारण रांग अडली असतानाच तर विचारायचे असते.

खरा अवघड प्रसंग मात्र वीज जाते तेव्हा येतो. समजा, ५०० लेबलांचा गठ्ठा छापत असताना मध्येच वीज गेली आणि परत आली. प्रिंटरची तात्पुरती स्मृती पुसली गेलेली असते, त्यामुळे ‘उरलेली लेबले शून्य’ असे उत्तर येते आणि ते काम पूर्ण झाल्यावरच्या उत्तरासारखेच दिसते. या उत्तरावर विसंबले तर उरलेली लेबले कधीच निघणार नाहीत, आणि धास्तीने सगळा गठ्ठा पुन्हा पाठवला तर क्रमांक दुबार होतील. काही प्रिंटरांत आजवर छापलेल्या लेबलांची किंवा सरकलेल्या कागदाच्या लांबीची नोंद वीज गेल्यावरही टिकून राहते. कामाच्या आधी हा आकडा टिपून ठेवला आणि नंतर पुन्हा विचारला, तर फरकावरून किती लेबले बाहेर पडली याचा भरवशाचा अंदाज येतो. ज्या लेबलवर छपाई अर्धवट थांबली, तेवढेच डोळ्यांनी पाहून ठरवावे लागते. संगणकाचा प्रोग्राम लिहिणाऱ्याने ही तजवीज पहिल्या दिवशीच करावी, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे, कारण दुबार गेलेला क्रमांक खोक्यांच्या थप्पीतून शोधून काढणे महाकठीण असते.

एवढे करूनही लेबल वाचता येण्याजोगे आहे की नाही, हे वरच्या तीन ओळींतून कळत नाही. हेडमधला एखादा तापणारा ठिपका जळाला, तर लेबलवर बारीक पांढरी रेघ उमटते. ती बारकोडच्या काळ्या पट्टीवरूनच उभी गेली तर पट्टी अरुंद होते, आणि तरीही रिबन, कागद व तापमान यांच्या सगळ्या खुणा ठीकच असतात. त्यासाठी बाहेर पडणारे लेबल जागच्या जागी वाचणारा स्कॅनर बसवतात, आणि त्याने वाचलेला क्रमांक पाठवलेल्या क्रमांकाशी जुळल्यावरच संगणक ते लेबल छापले गेल्याची नोंद करतो.