काय खाणार आणि कुणाला मत देणार: दोन प्रश्न शेजारी कसे आले

सहा-सात मित्रांच्या गटात ‘आज काय खायचं?’ असं कुणी विचारलं की मिनिटभरात सगळ्यांची उत्तरं येतात. त्याच गटात ‘यंदा मत कुणाला?’ असं विचारलं की एखादा हसण्यावारी नेतो, दुसरा विषय बदलतो, आणि ज्याचं मत सगळ्यांना तोंडपाठ असतं तोच तेवढा बोलतो. तरीही मित्रमंडळींत फिरणाऱ्या प्रश्नावल्यांमध्ये हे दोन्ही प्रश्न मांडीला मांडी लावून बसलेले असतात. गोड आवडतं की तिखट, आणि लगेच खाली, सरकारचं काम कसं वाटतं. ही शेजारवस्ती आपोआप झालेली नाही. ती कुणीतरी ठरवून केली, तिच्यावर कडाक्याचं भांडण झालं, आणि त्या भांडणाचा निकाल माझ्या मते अजून लागलेला नाही.

राजकारणाबद्दल आसपासच्यांना विचारून अंदाज बांधणं तसं जुनं. अमेरिकेत 1824 च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी विल्मिंग्टन गावात लोकांचा असा कल घेतला गेला आणि तो वर्तमानपत्रात छापून आला. त्या काळी मतदानही बऱ्याच ठिकाणी उघड्यावर, शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर होत असे. गुप्त मतपत्रिका ऑस्ट्रेलियातल्या वसाहतींत 1856 मध्ये आली आणि ब्रिटनमध्ये 1872 मध्ये. म्हणजे ‘कुणाला मत दिलंस?’ हा प्रश्न मित्राला विचारणं नाजूक झालं ते त्यानंतर. आधी विचारायची गरजच नव्हती, सगळं कानावर पडत होतं. पुढे 1936 च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी एका अमेरिकी साप्ताहिकाने सुमारे 1 कोटी लोकांना पत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या, आणि अंदाज साफ चुकला. ज्याला हरणारा ठरवलं होतं तो 48 पैकी 46 राज्यं जिंकला. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते, म्हणून इथे लांबवत नाही.

खाण्याबद्दल मात्र असं पद्धतशीर फारसं कुणी विचारत नव्हतं. ते सुरू झालं दुसऱ्या महायुद्धात, आणि निमित्त होतं मांसटंचाई. चांगलं मांस सैन्याकडे जाणार, तेव्हा घरी हृदय, गुर्दे असे एरवी नाकारले जाणारे अवयव शिजावेत अशी अमेरिकेतल्या अधिकाऱ्यांची इच्छा होती. त्यासाठी एका मानसशास्त्रज्ञाने गृहिणींचे छोटे गट केले, प्रत्येकी तेरा ते सतरा जणींचे. निम्म्या गटांना उत्तम व्याख्यान दिलं: पोषण, देशकार्य, पाककृती, सगळं. उरलेल्या गटांत व्याख्यान नाही. ‘तुमच्यासारख्या बायकांना हे का नको वाटतं?’ एवढाच विषय काढला आणि त्यांनाच बोलू दिलं. वासाबद्दल, नवऱ्याच्या कपाळावरच्या आठीबद्दल. शेवटी कोण करून बघणार म्हणून हात वर करायला सांगितलं. नंतर चौकशी केली तेव्हा व्याख्यान ऐकलेल्यांपैकी 3 टक्के बायकांनी असा पदार्थ घरी केला होता. आपसांत बोललेल्यांपैकी 32 टक्के बायकांनी.

याच कामातून एक शब्द जन्माला आला: द्वारपाल. बाजारातून किंवा बागेतून निघालेलं अन्न ताटात पडेपर्यंत कुठकुठली दारं ओलांडतं आणि प्रत्येक दारात कोण उभं असतं, असा तो हिशेब होता. बहुतेक दारांत घरची बाई उभी होती. 1950 मध्ये हाच शब्द एका छोट्या वर्तमानपत्राच्या बातम्या निवडणाऱ्या संपादकाला लावला गेला. त्याच्याकडे तारेने आलेल्या मजकुरापैकी दहावा हिस्साच छापला जात होता, बाकी टोपलीत. आज माध्यमांवर बोलताना आपण ‘द्वारपाल’ म्हणतो तेव्हा तो शब्द स्वयंपाकघरातून आलाय हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं. मला तो प्रवास महत्त्वाचा वाटतो, कारण खाणं आणि राजकारण यांच्यातला पहिला पूल असा बांधला गेला.

दुसरा पूल जास्त रुंद होता आणि वादाचं मूळ तिथेच आहे. 1940 च्या निवडणुकीत ओहायोतल्या ईरी परगण्यात 600 लोकांना मे ते नोव्हेंबर पुन्हापुन्हा भेटून त्यांचं मत कसं बनतं हे पाहिलं गेलं. रेडिओ आणि वर्तमानपत्रं लोकांना वळवत असतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात लोक सांगत राहिले ते माणसांबद्दल: मेहुणा, कामावरचा सोबती, शेजारी. मग संशोधकांनी ठरवलं की आता या माणसांचाच माग काढायचा.

तो माग 1945 च्या उन्हाळ्यात इलिनॉय राज्यातल्या डिकेटर शहरात काढला गेला. सुमारे 800 बायकांना चार गोष्टींबद्दल विचारलं: घरचं वाणसामान आणि खाद्यपदार्थ, कपड्यांची फॅशन, सिनेमा आणि सार्वजनिक प्रश्न. अलीकडे काही बदललंत का? नवा पदार्थ आणलात, केस वेगळे कापलेत, एखाद्या प्रश्नावरचं मत पालटलं? कुणाच्या सांगण्यावरून? आणि उलटही: तुमच्याकडे कुणी सल्ला मागायला आलं होतं का? बाईने नाव सांगितलं की मुलाखत घेणारी ते वहीत उतरवून घ्यायची आणि मग त्या नावाच्या घरी जाऊन दारावर थाप मारायची. ‘अमुक बाई म्हणतात, तुमचं त्यांच्याशी याबद्दल बोलणं झालं होतं. झालं होतं का?’ ज्यांना गाठता आलं त्यांपैकी साधारण दोन-तृतीयांश लोकांनी हो म्हटलं. उरलेल्यांपैकी काहींना आठवत नव्हतं, काहींनी चक्क नाकारलं. मित्राचं मत विचारण्याच्या सगळ्या इतिहासात मला ही दारावरची थाप सर्वांत प्रामाणिक वाटते. मित्राने काय सांगितलं याची खातरजमा खुद्द मित्राकडे जाऊन करायची, इतके कष्ट त्याआधी फारसे कुणी घेतले नव्हते आणि नंतरही क्वचितच घेतले गेले.

निष्कर्ष बाहेर यायला दहा वर्षं लागली. पुस्तक 1955 मध्ये आलं. मधल्या काळात प्रत्यक्ष क्षेत्रकाम सांभाळणारा तरुण समाजशास्त्रज्ञ आणि प्रकल्पाचा प्रमुख यांचं बिनसलं आणि तरुण बाहेर पडला. बिनसण्याचं एक कारण हेच होतं, की या चार विषयांतून सत्तेबद्दल काय बोलायचं. प्रमुखाच्या मते प्रभाव आडवा वाहतो, बरोबरीच्या माणसांत. बाहेर पडलेल्याला तो वरून खालीही येताना दिसत होता.

वादाचा मुद्दा साधा आहे. चारही विषय एका साच्यात बसवायचे हा निर्णय योग्य होता का? एका बाईने दुसरीला नव्या तेलाच्या डब्याबद्दल सांगणं आणि एकाने दुसऱ्याला कराबद्दल किंवा युद्धानंतरच्या धोरणाबद्दल पटवणं, या दोन्ही घटनांना ‘वैयक्तिक प्रभाव’ हे एकच नाव द्यायचं, एकाच तक्त्यात बसवायच्या. सोय मोठी होती. आकडे जुळवता येत होते, तुलना करता येत होती. जाहिरात करणाऱ्यांना तर हे हवंच होतं, आणि खर्चाचा काही भार अशा व्यवसायानेच उचलला होता.

पण त्याच पुस्तकातले आकडे साच्याला दाद देत नाहीत. वाणसामानाच्या बाबतीत सल्ला खरोखरच बरोबरीत फिरत होता. मोठ्या कुटुंबाचा गाडा हाकणारी, चार माणसांत मिसळणारी बाई सल्ला देणारी असायची, आणि ती श्रीमंत की गरीब याने फारसा फरक पडत नव्हता. सार्वजनिक प्रश्नांत मात्र बाईने नाव घेतलेला माणूस बऱ्याचदा पुरुष होता, नवरा किंवा वडील, आणि वरच्या थरातल्यांचं वजन जास्त होतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सार्वजनिक प्रश्नांवर ज्यांनी मत बदललं, त्यांपैकी 58 टक्के बदलांमागे कुणाशी बोलणं झाल्याची आठवणच निघाली नाही. 1978 मध्ये एका टीकाकाराने नेमकं इथेच बोट ठेवलं: खरेदीत जे दिसलं ते राजकारणावर पांघरलं, आणि राजकारणात जे दिसलं ते पानांत बुडालं. मला टीका थोडी कठोर वाटते, कारण लेखकांनी आकडे लपवले नव्हते, छापले होते. पण मुद्दा खोटा नाही. खाण्याची निवड आणि राजकीय निवड एकाच शब्दात कोंबली की पहिलीचा हलकेपणा दुसरीला चिकटतो.

मराठीत हा गुंता आणखी वाढतो, तो ‘मत’ या शब्दामुळे. आपल्याकडे मत म्हणजे विचार, आणि मत म्हणजे पेटीत पडणारं मतही. ‘तुझं मत काय?’ आणि ‘तुझं मत कुणाला?’ यात फक्त शेवटचा शब्द बदलतो, पण पहिल्याला उत्तर देताना माणूस मोकळा असतो आणि दुसऱ्याला देताना सावध. खाण्याबद्दल आपण ‘मत’ म्हणतच नाही. तिथे ‘आवड’ म्हणतो, आणि आवडीला कारण द्यावं लागत नाही. मताला द्यावं लागतं. ‘पसंती’ हा शब्द या दोहोंच्या मध्ये आहे, म्हणून बाजारही तो वापरतो आणि निवडणुकीच्या बातम्याही. ‘जनतेचा कौल’ म्हटलं की आणखी वजन येतं, कारण अरबीतून आलेल्या त्या शब्दात बोल आहे, दिलेलं वचन आहे. भाषेने जे वेगळं ठेवलं होतं ते प्रश्नावलीने एका ओळीत आणलं, हे लक्षात ठेवायला हवं.

मोजपट्ट्याही एकमेकींच्या जवळ आल्या. अमेरिकी सैन्याच्या जेवणासाठी शिकागोतल्या प्रयोगशाळेत 1940 च्या दशकाच्या अखेरीपासून नऊ पायऱ्यांची पट्टी तयार झाली: ‘अतिशय आवडतं’पासून ‘अजिबात आवडत नाही’पर्यंत. 1964 मध्ये अमेरिकेतल्याच निवडणूक अभ्यासात समाजगटांबद्दलच्या भावना मोजायला 0 ते 100 चा ‘तापमापक’ आला आणि पुढे 1968 मध्ये तो नेत्यांनाही लावला गेला. नेत्याबद्दल किती ऊब वाटते ते अंशांत सांगायचं. आमटी आणि उमेदवार, दोघांनाही गुण देण्याची सवय लागली.

याच सुमारास दुसऱ्या बाजूने एक अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे येत होती. 1951 च्या प्रसिद्ध प्रयोगात एका खोलीत बसलेले सगळे जण ठरवून चुकीच्या रेघेला बरोबरीची म्हणायचे आणि एकटा बिचारा खरा पाहुणा आपल्या पाळीची वाट पाहायचा. रेघांची लांबी डोळ्यांना स्पष्ट दिसत होती. तरी अशा फेऱ्यांतली साधारण एक-तृतीयांश उत्तरं गर्दीच्या बाजूने गेली. त्याच माणसाला उत्तर गुपचूप कागदावर लिहू दिलं, किंवा एक जरी सोबती खरं बोलला, की हा आकडा झपाट्याने खाली यायचा. 1974 मध्ये जर्मनीतल्या एका संशोधिकेने हेच राजकारणाला लावलं. पाच तासांचा रेल्वेप्रवास आहे, डब्यातला सहप्रवासी एका वादग्रस्त प्रश्नावर बोलू लागलाय. तुम्ही बोलाल की गप्प बसाल? आपलं मत मागे पडतंय असं वाटणारे गप्प बसतात, त्यांच्या गप्प बसण्याने ते आणखी मागे पडल्यासारखं दिसतं, आणखी लोक गप्प होतात. इथे खाण्याशी असलेली तुलना संपते. एखादी भाजी न आवडणारा माणूस एकटा पडण्याच्या भीतीने तोंड मिटत नाही.

1977 मध्ये मात्र दोन्ही प्रश्न पुन्हा एका कागदावर आले. विद्यार्थ्यांना स्वतःबद्दल विचारलं, आणि इतर किती जण तसेच असतील याचा अंदाज द्यायला सांगितला. त्या यादीत पांढरा पाव की तपकिरी हेही होतं आणि देशाच्या राजकारणात पुढे काय घडेल हेही. कल जवळपास सगळीकडे एकच: जो जे निवडतो त्याला वाटतं की ते निवडणारे पुष्कळ आहेत. तपकिरी पाव खाणाऱ्यांचा तपकिरी पाववाल्यांबद्दलचा अंदाज पांढरा खाणाऱ्यांच्या अंदाजापेक्षा जास्त होता. अन्न आणि राजकारण एकत्र ठेवण्याचा हा मला पटलेला एकमेव उपयोग, कारण यात दोन्ही सारखे आहेत असा दावा नव्हता. आपली चूक दोन्हीकडे सारखी आहे एवढाच होता.

मित्रांबद्दलचा सर्वांत थेट पुरावा 2010 चा. एका मोठ्या समाजमाध्यमावर लोकांना स्वतःची मतं विचारली, आणि त्यांच्या मित्रांची मतं काय असतील तेही. मित्रांना तेच प्रश्न वेगळे विचारले होते, म्हणून पडताळा घेता आला. मित्र परक्यांपेक्षा एकमेकांसारखे निघाले, पण त्यांना वाटत होतं तितके नाही. ज्या विषयावर आम्ही बोलतो असं ते स्वतः सांगत होते, त्यावरचेही मतभेद बहुतेकांना माहीत नव्हते. अंदाज कुठून आला होता? थोडा ‘तो त्या प्रकारचा माणूस आहे’ यातून, आणि थोडा ‘मला असं वाटतं म्हणजे त्यालाही वाटत असणार’ यातून. बोलण्यातून फारच थोडा. वर्षानुवर्षं एकत्र जेवणाऱ्या माणसांबद्दल हे वाचलं तेव्हा मला वाईट वाटलं, आणि अजून वाटतं.

त्यानंतरचं वळण उलटं आहे. अमेरिकेतली 2016 ची आणि फ्रान्समधली 2017 ची निवडणूक, या दोन्ही वेळी संशोधकांनी लोकांना ‘तुम्ही कुणाला मत देणार’ यासोबत ‘तुमच्या ओळखीच्या लोकांपैकी किती टक्के कुणाला देतील’ हेही विचारलं. हा दुसरा प्रश्न जोडल्यावर अंदाज सुधारला. माणूस स्वतःबद्दल जे सांगायला कचरतो ते ओळखीच्यांच्या नावावर सांगून टाकतो. शिवाय एका उत्तरात दहा-बारा माणसं येतात, ज्यांच्यापर्यंत प्रश्नकर्ता कधी पोचला नसता. एकेका मित्राबद्दलचा अंदाज चुकतो, पण हजारो लोकांचे वर्तुळाबद्दलचे अंदाज एकत्र केले की चुकांचा बराचसा भाग एकमेकांत जिरतो. त्यामुळे 2010 आणि 2016 यांच्यात विरोध नाही. पहिल्यात मित्र कळतो का हे पाहिलं होतं, दुसऱ्यात निकाल कळतो का.

गेल्या काही वर्षांत निवडणुकीचे अंदाज बांधणाऱ्यांनी हा वर्तुळाचा प्रश्न उचलला आहे, आणि तो स्वस्त आहे, कारण मित्रापर्यंत जावंच लागत नाही. डिकेटरमध्ये वहीत उतरवलेल्या नावाच्या घरी कुणीतरी चालत जायचं. नव्या पद्धतीत नाव विचारतच नाहीत.