रायकरची दाढी आणि दुसरं पर्व

दर शनिवारी रात्री जेवणं उरकली की 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' ही अंतराळजहाजावरची अमेरिकी मालिका लावायची, असं आमच्या घरात ठरलं. घर बेळगावात, टिळकवाडीत. बघणारे सहा-सात जण : दोन भाचे, त्यांचे कॉलेजचे मित्र, मी, आणि खानापूरहून मुक्कामाला आलेली आत्या. ठरलं त्याच दिवशी धाकट्या भाच्यानं हरकत घेतली. "मामा, पहिलं सीझन सोडूया की. सगळे म्हणतात दुसऱ्यापासनं बघा. मग कशाला टाइम घालवायचा?"

त्यानं ऐकलेलं खोटं नाही. पहिलं पर्व कच्चं आहे आणि दुसऱ्यात मालिकेला सूर सापडतो. पण तो कसा सापडला, हे कळायला आधीची हकीकत माहीत हवी. ती त्याला तोंडी सांगताना अर्धी राहिली, म्हणून इथे लिहितो.

एखादी मालिका रखडत रखडत एकदम चांगली व्हायला लागली की इंग्रजी मालिकांचे चाहते म्हणतात, तिला दाढी आली. ही दाढी याच मालिकेतल्या कमांडर रायकरची, म्हणजे जहाजावर कप्तानाच्या खालोखाल असलेल्या अधिकाऱ्याची. भूमिका करणारा जोनाथन फ्रेक्स पहिल्या पर्वात गुळगुळीत चेहऱ्यानं वावरतो. सुट्टीत त्यानं दाढी वाढवली, निर्माते जीन रॉडनबेरी यांना ती आवडली आणि दुसऱ्या पर्वात तशीच ठेवली. मालिकेनं कात टाकायला आणि ही दाढी यायला एकच गाठ पडली, म्हणून वाक्प्रचार रूढ झाला. दाढीनं काही केलं नाही. जे घडलं ते लिहिण्याच्या टेबलावर, आणि त्यातलं बरंचसं नाइलाजानं.

मूळ 'स्टार ट्रेक' 1966 ते 1969 या काळात अमेरिकेत चाललं. तीन पर्वं, 79 भाग, मग बंद. पुनःप्रक्षेपणांतून त्याला खरा प्रेक्षक मिळाला. ऐंशीच्या दशकात ते दूरदर्शनवरही लागायचं, आणि गच्चीवर चढून अँटेना फिरवत "आलं काय? आता आलं काय?" असं ओरडलेली आमची पिढी अजून शाबूत आहे. सत्तरच्या दशकात नव्या मालिकेची तयारी झाली होती, पटकथाही लिहून झाल्या होत्या. तो बेत मोडला आणि त्यातून 1979 चा चित्रपट निघाला. शेवटी 28 सप्टेंबर 1987 रोजी 'नेक्स्ट जनरेशन' सुरू झाली. जहाजाचं नाव तेच, माणसं सगळी नवी. कप्तान झाला पॅट्रिक स्टुअर्ट, शेक्सपिअरच्या नाटकांत मुरलेला इंग्लिश रंगभूमीवरचा नट. हे फार दिवस टिकणार नाही अशी त्याची खात्री होती, त्यामुळे कितीतरी आठवडे त्यानं सामानाच्या बॅगाही उघडल्या नव्हत्या.

त्याची शंका अगदीच गैर नव्हती. रॉडनबेरींचा दंडक होता की चोविसाव्या शतकातली माणसं सुधारलेली असतील, जहाजावर आपसांत भांडणं नकोत. कल्पना उदात्त आहे आणि मला ती आजही आवडते. पण ज्यांना एकमेकांशी भांडता येत नाही, त्यांचं नाटक लिहायचं कसं? लेखक वैतागले. मूळ मालिकेपासून सोबत असलेले डी. सी. फोंटाना आणि डेव्हिड गेरॉल्ड हेही पहिल्याच पर्वात बाहेर पडले. सुरक्षा अधिकारी ताशा यारचं काम करणाऱ्या डेनिस क्रॉस्बीला आपल्या भूमिकेत वाढ दिसेना. तिनं मालिका सोडली आणि पर्व संपायच्या आधीच ताशाला मरावं लागलं.

1988 च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या पटकथालेखकांनी संप पुकारला. तो ऑगस्टपर्यंत, पाच महिने चालला. दुसरं पर्व नोव्हेंबरवर गेलं आणि 26 ऐवजी 22 भागांचं झालं. लिहिलेलं हाताशी काही नव्हतं, म्हणून पहिल्या भागासाठी सत्तरच्या दशकातल्या त्या मोडलेल्या बेतातली एक जुनी पटकथा बाहेर काढून दुरुस्त केली. शेवटच्या भागासाठी तर पैसेच उरले नव्हते. रायकर बेशुद्ध पडतो आणि त्याच्या आठवणी म्हणून जुन्याच भागांचे तुकडे दाखवतात. तो भाग बघितला नाही तरी चालेल, हे मी पोरांना आधीच सांगून ठेवलं आहे.

मग सुधारलं ते काय?

गल्लीतल्या गणेशोत्सवात हौशी नाटक केलेल्यांना हे चटकन उमगेल. पहिल्या प्रयोगाला प्रत्येक जण आपापलं पाठांतर म्हणत असतो. नाटक बसतं ते नंतर, कुणाच्या तोंडी काय शोभतं हे कळल्यावर. इथेही तसंच झालं. पहिल्या पर्वात जॉर्डी हा जहाज चालवणारा, आणि मुख्य अभियंता म्हणून दर थोड्या भागांनी नवाच चेहरा. दुसऱ्या पर्वात जॉर्डीला यंत्रशाळा मिळाली आणि त्याच्या बोलण्याला वजन आलं. सुरक्षा अधिकारी म्हणून ताशाच्या जागी वॉर्फ पक्का झाला. डॉक्टर बदलली : गेट्स मॅकफॅडन गेली, डायना मल्डॉर आली. तिची डॉक्टर पुलास्की तुसडी, डेटा या यंत्रमानवाला वस्तू समजून बोलणारी. प्रेक्षकांनी तिला स्वीकारलं नाही आणि तिसऱ्या पर्वात जुनी डॉक्टर परत आली. माझं मत थोडं वेगळं आहे. सगळेच गोड बोलणाऱ्या त्या जहाजावर कुणीतरी डेटाच्या माणूसपणावर तोंडावर शंका घेणारं हवंच होतं.

आणि आली व्हूपी गोल्डबर्ग. लहानपणी मूळ मालिकेत कृष्णवर्णीय उहुराला अधिकाऱ्याच्या गणवेशात बघून ती आईला हाका मारत सुटली होती : टीव्हीवर आपल्यातली बाई आहे आणि ती मोलकरीण नाही! मोठी अभिनेत्री झाल्यावर तिनं स्वतः होऊन या मालिकेत काम मागितलं. तिच्यासाठी गायनन ही व्यक्तिरेखा लिहिली गेली, आणि जहाजाच्या पुढच्या टोकाला, मोठ्या खिडक्यांपाशी, बसाउठायची एक जागा बांधली गेली. ही बारीक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तोवर त्या जहाजावर ड्यूटी सोडून गप्पा मारत बसायला जागाच नव्हती. अशा गप्पांतून जी माणसं कळतात, ती ड्यूटीवर कळत नाहीत.

या सगळ्याचं फळ म्हणजे 13 फेब्रुवारी 1989 ला दाखवलेला नववा भाग, 'द मेजर ऑफ अ मॅन'. लेखिका मेलिंडा स्नॉडग्रास. लेखनाकडे वळण्याआधी ती वकिली करायची. कुणी न सांगता तिनं ही पटकथा लिहून पाठवली. तिच्यासमोर 1857 चा ड्रेड स्कॉटचा निकाल होता, ज्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं एका गुलामाला नागरिक म्हणून दाद मागण्याचा हक्कच नाकारला होता. इथे एक शास्त्रज्ञ येतो आणि म्हणतो, डेटाला सुटा करून अभ्यास करायचाय, मग तसे हजारो बनवू. डेटा राजीनामा देतो. उत्तर मिळतं की वस्तू राजीनामा देत नसते. प्रकरण न्यायासनापुढे जातं. कप्तान पिकार्ड डेटाची बाजू मांडतो, आणि माणसं कमी असल्यामुळे विरुद्ध बाजू मांडायची वेळ रायकरवर, डेटाच्या दोस्तावर येते.

आत्याला इंग्रजी येत नाही. शेंगा फोडत बसली होती, मी अधूनमधून मराठीत सांगत होतो. रायकर डेटाच्या पाठीमागे हात नेतो, कळ दाबतो, आणि डेटा मान टाकून पुढे कोसळतो. शेंगा फोडण्याचा आवाज थांबला. "दोस्त असून त्येनंच कसं केलं रे?" मी सांगितलं, त्यानं नीट बाजू मांडली नसती तर निकाल तिथल्या तिथे डेटाच्या विरोधात गेला असता. ती काही बोलली नाही. टरफलं तशीच मांडीवर धरून शेवटपर्यंत बघत राहिली.

पुढे गायनन आणि पिकार्ड त्या बसाउठायच्या जागेत बोलतात. इतरांना नको असलेली कामं करायला, ज्यांच्या सुखदुःखाचा विचारच करावा लागत नाही असे जीव लागतात, असं ती सहज म्हणते. गुलामगिरी हा शब्द पिकार्डच्या तोंडून येतो, पण त्या शब्दापर्यंत त्याला ती आणून सोडते. ही भूमिका व्हूपी गोल्डबर्गकडे असणं किती अचूक होतं! निकालात डेटाला आत्मा आहे की नाही, हे न्यायासन ठरवत नाही. ते शोधायचं स्वातंत्र्य त्याला आहे, आपलं काय व्हावं हे त्यानं ठरवावं, एवढंच ते सांगतं.

आमच्याकडे हा भाग बघताना खोली शांत होते, याचं कारण मला ठाऊक आहे. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव, खानापूर, निपाणी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. इथल्या मराठी माणसांच्या घरात आजही तो काळा दिन आहे, आणि "आम्हाला विचारलं कुणी?" हे वाक्य आजोबा-आजीपासून ऐकत पोरं मोठी झाली आहेत. महाराष्ट्रानं 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, तो अजून उभा आहे. ज्याच्याबद्दल निकाल त्याचं म्हणणं काय, ही गोष्ट आमच्यासाठी कल्पनारम्य नाही. त्या जहाजावर यंत्राच्या मदतीनं प्रत्येकाची बोली प्रत्येकाला कळते. घरात मराठी, बस कंडक्टरशी कन्नड आणि कॅम्पातल्या दुकानात हिंदी बोलणाऱ्या आम्हाला त्या यंत्राचा हेवा वाटतो तो वेगळाच.

दुसऱ्या पर्वात अडचणीतून वाट निघाल्याची उदाहरणं इतर मालिकांतही आहेत. 'द एक्स-फाइल्स'ची नायिका जिलियन अँडरसन 1994 मध्ये गरोदर होती. तिला काही भाग दूर ठेवण्यासाठी तिच्या पात्राचं अपहरण दाखवलं, आणि पुढे मालिकेचं बरंचसं मोठं कथानक त्या अपहरणाभोवती फिरलं. 'बॅबिलॉन 5'चे कर्ते स्ट्राझिन्स्की यांनी पाच वर्षांची कथा आधीच आखली होती, तरी दुसऱ्या पर्वात नायकच बदलावा लागला. पात्र गळालं तर कथा कुठून वळवायची याची सोय त्यांनी करून ठेवली होती. त्याच पर्वातल्या 'द कमिंग ऑफ शॅडोज' या भागाला विज्ञानकथांसाठी दिला जाणारा 1996 चा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

मात्र माणसं बदलली की मालिका सुधारतेच असं नाही. 'स्पेस : 1999'च्या दुसऱ्या पर्वाला नवा निर्माता आला, पहिल्या पर्वातला वृद्ध शास्त्रज्ञ पडद्यावर एका शब्दाचाही खुलासा न होता नाहीसा झाला आणि रूप बदलणारी परग्रहवासी तरुणी आली. त्या पर्वासोबतच मालिका संपली. जो गेला त्याची आठवणही तिथे कुणी काढत नाही, आणि मला खटकतं ते हेच. आपल्याकडे 'स्पेस सिटी सिग्मा' किंवा 'कॅप्टन व्योम' यांना पिकायला अशी फुरसत मिळाली नाही. दूरदर्शनवर तेरा-तेरा भागांच्या मंजुरीवर जगणाऱ्या काळात थांबून, चुका बघून पुन्हा सुरुवात करायची सोयच कमी होती.

तर पहिलं पर्व सोडायचं का? खटल्यात पिकार्ड डेटाच्या बॅगेतल्या वस्तू एकेक करून टेबलावर मांडतो. पदकं. पिकार्डनंच भेट दिलेलं शेक्सपिअरचं पुस्तक. आणि तळहातावर मावेल एवढी, प्रकाशाची बनलेली एका बाईची प्रतिमा. ही कशाला ठेवलीस, असं विचारल्यावर डेटा आधी सांगायला तयार होत नाही, कारण त्यानं तिला शब्द दिलेला असतो. ती ताशा यार आहे. त्या दोघांमध्ये काय घडलं होतं ते पहिल्या पर्वात, अगदी सुरुवातीच्या एका फसलेल्या भागात आहे. आणि ती कशी मेली तेही पहिल्याच पर्वात.

हे ऐकल्यावर भाच्यानं रिमोट माझ्या हातात दिला. आम्ही फारपॉइंटच्या दोन तासांच्या आरंभीच्या भागापासून सुरुवात केली.