किनाऱ्याचा नकाशा आणि गंगापूरचा गाळ

ब्रह्मगिरीवरून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर. तरी गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवून १,४६५ किलोमीटर पूर्वेला जाते आणि आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. त्यामुळे किनाऱ्याची धूप म्हटली की नाशिककराला तो कोकणचा नाहीतर काकिनाड्याचा प्रश्न वाटतो. पण उपग्रहचित्रांतून पुढे आलेला हिशेब नाशिकच्या धरणांपर्यंत येऊन पोचतो.

किनारा सांभाळायचा तर आधी तो कुठून कुठे आहे हे ठरायला हवं. १९८१ मध्ये इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरचा पट्टा मोकळा ठेवायला सांगितलं. १९ फेब्रुवारी १९९१ च्या अधिसूचनेनं त्याला कायद्याचं रूप दिलं. नियम झाला, पण भरतीरेषा नेमकी कुठली, हा वाद राहिलाच. नियमित कामासाठीचा आपला पहिला दूरसंवेदन उपग्रह आयआरएस-१ए मार्च १९८८ मध्ये अवकाशात गेला. त्याच्या चांगल्यात चांगल्या चित्रातला एक ठिपका जमिनीवरच्या साधारण ३६ मीटरचा होता. एवढ्या जाड ठिपक्यावर कुणाचं घर पट्ट्यात येतं आणि कुणाचं नाही, हे सांगणं शक्यच नव्हतं. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर निकड वाढली. पुढच्याच वर्षी कार्टोसॅट-१ आला आणि ठिपका अडीच मीटरवर आला.

नकाशा बारीक झाला की किनाऱ्याची लांबीही वाढते, कारण प्रत्येक खाडी, प्रत्येक वळण मोजणीत येतं. वर्षानुवर्षं पाठ केलेली देशाची ७,५१६ किलोमीटर लांबी अलीकडच्या मोजणीत ११,०९८ किलोमीटरवर गेली. जमीन तीच, फक्त मोजपट्टी बदलली.

खरा उपयोग झाला तो जुनी आणि नवी चित्रं एकमेकांवर ठेवण्याचा. पाणी अवरक्त किरण शोषून घेतं, म्हणून त्या किरणांत घेतलेल्या चित्रात ते काळं दिसतं आणि जमीन उजळ. भरती-ओहोटीची वेळ लक्षात घेऊन दोन सालांतल्या काठाच्या रेषा जुळवल्या की समुद्र कुठे आत आला ते कळतं. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्रानं १९९० ते २०१८ या काळासाठी हे केलं. मुख्य भूमीचा ३३.६ टक्के किनारा झिजतोय, असं त्यातून निघालं.

गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशाचा अभ्यास त्याआधीच झाला होता. १९७६ ते २००१ या काळात तिथली सुमारे १,८०० हेक्टर जमीन गेली. त्रिभुज प्रदेशाच्या तोंडाशी असलेल्या धवळेश्वरमच्या बंधाऱ्याला पोचणारा गाळ सत्तरच्या दशकात १५ कोटी टनांच्या घरात होता, तो नव्वदच्या दशकात ६ कोटींच्याही खाली आला. लाटा जमीन नेतच असतात. नदी ती भरून देते. भरून देणारा हात आखडला.

तो गाळ वरच्या धरणांत अडलाय. मोठा वाटा जायकवाडी, श्रीरामसागर अशा मोठ्या जलाशयांचा. नाशिकजवळच्या गंगापूर धरणाचा त्यात अगदी थोडा. पण आपल्या डोळ्यांसमोरचं उदाहरण तेच आहे. १९६५ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाची मूळ क्षमता ७,२०० दशलक्ष घनफूट होती. आज ५,६३० धरतात. शहराच्या पिण्याच्या पाण्याची जागा गाळानं खाल्ली, एवढंच आपण बोलतो. तोच गाळ खालच्या किनाऱ्याला कमी पडतो, हे बोलायचं राहून जातं.

हा गाळ मोजण्याचं उपग्रहतंत्र नाशिकमध्येच आहे. दिंडोरी रोडवरची मेरी, म्हणजे १९५९ पासूनची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, धरणांची अशी सर्वेक्षणं करते. पद्धत किनाऱ्याचीच: धरण उतरत जातं तशी वेगवेगळ्या तारखांची चित्रं घ्यायची, प्रत्येक पातळीला पाण्याचा काळा भाग किती पसरलाय ते मोजायचं आणि त्यावरून क्षमता काढून ती मूळ क्षमतेशी ताडायची. पाण्याच्या सर्वांत खालच्या पातळीखाली काय साचलंय ते मात्र वरून दिसत नाही. तिथे बोट घेऊन खोली मोजावीच लागते.

म्हणजे तंत्र एक, नदी एक. खाती मात्र दोन. किनाऱ्याचा कायदा खाडीतून नदीत शिरतो तो पाण्याचा खारेपणा हजारात पाच भाग असेपर्यंतच. धवळेश्वरमच्या वरचं एकही धरण त्याच्या नकाशात येत नाही. समुद्राचा धोका जमिनीवर कुठवर पोचू शकतो ते दाखवणारी, भारतीय सर्वेक्षण विभागानं मेहनतीनं आखलेली धोक्याची रेषाही किनाऱ्याच्या २०१९ च्या नव्या अधिसूचनेत बांधकामावर बंधन घालायला वापरली गेली नाही. ती आपत्ती नियोजनापुरती उरली. मला हे मोठं नुकसान वाटतं. इकडे २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत धरणातला गाळ शेतात जातो. शेतकऱ्याला त्याचा फायदा आहे आणि ते काम व्हायलाच हवं, पण त्यातून समुद्राकडे काही जात नाही. गोदावरीच्या किनाऱ्याचा आराखडा करताना तिच्या खोऱ्यातल्या सगळ्या धरणांची गाळ-सर्वेक्षणं त्याच टेबलावर असायला हवीत, आणि त्यातली पहिली गंगापूरची असावी.