पिशवी काढायचा निर्णय कुणाचा?

‘तिची पिशवी काढली’ हे वाक्य आपल्याकडे दाढ काढल्याच्या सुरात बोललं जातं. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांमुळे ते राज्यभर गाजलं आणि सरकारने चौकशीसाठी समिती नेमली. त्याच्या पंचवीस वर्षं आधी याच शस्त्रक्रियेवरून याच राज्यात मोठं वादळ उठलं होतं. ज्यांच्या पिशव्या गेल्या त्या मुली मात्र माइकसमोर येऊन बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. अपंग स्त्रीच्या संमतीचा विषय निघाला की चळवळीतली जुनी माणसं अजूनही ‘शिरूर’ एवढंच म्हणतात आणि ऐकणाऱ्याला सगळं ठाऊक आहे असं धरून पुढे जातात.

फेब्रुवारी १९९४. पुणे जिल्ह्यातल्या शिरूरमध्ये मतिमंद (तेव्हा हाच शब्द होता) मुलींसाठी सरकारी संस्था होती. तिथल्या मुलींना पुण्याच्या सरकारी रुग्णालयात आणून त्यांची गर्भाशयं काढायला सुरुवात झाली. काही जणींची शस्त्रक्रिया उरकली, तोवर बातमी फुटली. स्त्री संघटना आणि आरोग्य चळवळीतली मंडळी रस्त्यावर आली आणि सरकारने उरलेल्या शस्त्रक्रिया थांबवल्या. समर्थनाचं मुख्य कारण असं, की या मुलींना पाळीतली स्वच्छता जमत नाही. दुसरं कारण जरा दबक्या आवाजात सांगितलं जाई: उद्या कुणी गैरफायदा घेतला तर निदान दिवस तरी राहणार नाहीत.

दुसऱ्या कारणावर फार शब्द खर्च करायची गरज नाही. पिशवी काढून बलात्कार टळत नाही, बोभाटा टळतो. पहिलं कारण मात्र नीट बघायला हवं, कारण ते ऐकून भलेभले गप्प बसतात. शिरूरबद्दलच्या लिखाणात एक तपशील येतो. तिथल्या मुलींना नाडीचा पायजमा देत नसत आणि पट्ट्याचं पॅडही देत नसत, कारण नाडीने किंवा पट्ट्याने त्या गळफास लावून घेतील अशी भीती होती. नाडी नाही, पट्टा नाही, मग पॅड म्हणा की कापडाची घडी म्हणा, जागेवर राहणार कशी? पाळी निभावायची साधनं आधी काढून घेतली आणि मग पाळी निभावत नाही म्हणून गर्भाशय काढलं, असा हा क्रम आहे.

तरीही या शस्त्रक्रियांत गैर काय, असं विचारणाऱ्या पालकांना तेव्हा खलनायक ठरवलं गेलं, ते मला पटत नाही. हा प्रश्न विशेष शाळांच्या पालकसभांत आजही येतो. सभेत कुणी विचारत नाही. सभा संपल्यावर, चपला घालता घालता, एखादी आई बाईंना बाजूला घेते. मुलगी चौदा-पंधरा वर्षांची झालेली असते, अंगाने आईपेक्षा थोराड, आणि दर महिन्याला तिचे कपडे, चादर, कधी भिंतसुद्धा पुसायची वेळ येते. ‘माझ्यामागे हिचं कोण करणार?’ हा तिचा खरा प्रश्न असतो. बाई मग बाहुलीला निकर घालून, पॅडवर लाल शाई टाकून, ते बदलायचं कसं आणि टाकायचं कुठे हे पुन्हा पुन्हा करून दाखवतात. काही मुलींना काही महिन्यांत जमतं, काहींना कधीच पूर्ण जमत नाही. पण शिकवायला माणूस लागतं, न्हाणीघर लागतं, पाणी लागतं आणि हे सगळं दर महिन्याला लागतं. ऑपरेशन एकदाच करावं लागतं. १९९४ चा वाद मुळात या हिशोबाचा होता. वैद्यकशास्त्र त्यात नंतर आलं.

शिरूरच्या आधी आपली स्त्री चळवळ कुठे होती, हेही सांगितलं पाहिजे. बलात्कार, हुंडा, गर्भलिंगनिदान यांत ती गुंतलेली होती, आणि ती कामं काही लहान नव्हती. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला आणि केंद्राचा कायदा शिरूरच्याच वर्षी, १९९४ मध्ये झाला. पण या दोन्ही कायद्यांत गर्भातलं व्यंग शोधायची तपासणी वैध राहिली. मुलगी म्हणून गर्भ पाडू नका, व्यंग असेल तर पाडायला हरकत नाही, या वाक्याचा दुसरा अर्धा भाग चळवळीला तेव्हा टोचला नाही. अपंग बायकांना टोचला. ‘माझं शरीर, माझा हक्क’ म्हणताना ‘माझं’ म्हणू शकणारी बाई आपण गृहीत धरली होती, हे उघड झालं ते शिरूरमुळे.

१९९५ चा अपंग व्यक्ती कायदा आला, त्यात सात प्रकारची अपंगत्वं होती. बाई म्हणून वेगळा विचार जवळपास नव्हता. २००१ च्या जनगणनेत अपंगत्वाचा प्रश्न परत आला, कारण १९९१ मध्ये तो चक्क वगळला होता. २०११ मध्ये २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती मोजल्या गेल्या, त्यांत बायका १ कोटी १८ लाख. प्रत्यक्षातला आकडा मोठा असणार. गणतीवाल्यासमोर ‘आमच्याकडे तसं कुणी नाही’ म्हणणारी घरं असतातच, आणि तिथे लपवली जाते ती बहुतेक वेळा लग्नाची मुलगी.

पुढचं वळण २००९ मध्ये चंदीगडला आलं. सरकारी आश्रयगृहातल्या, बौद्धिक अपंगत्व असलेल्या एका अनाथ तरुणीवर बलात्कार झाला आणि तिला दिवस गेले. तिला मूल हवं होतं. तज्ज्ञांच्या समितीनेही गर्भ ठेवावा असाच कौल दिला. तरी उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो जुलैत रोखला आणि ऑगस्टमध्ये सविस्तर कारणं दिली.

निकाल फिरला एका व्याख्येवर. १९७१ च्या गर्भपाताच्या कायद्यात ‘वेड्या’ बाईच्या वतीने पालक संमती देई. २००२ मध्ये तो शब्द जाऊन ‘मनोरुग्ण’ आला आणि व्याख्येत मतिमंदत्व वगळलं गेलं. म्हणजे मनोरुग्ण बाईसाठी पालकाची सही चालेल, मतिमंद बाईसाठी तिची स्वतःचीच संमती हवी. बोलीत आपण दोघींनाही ‘वेडी’ म्हणून मोकळे होतो. कायद्यातल्या त्या फरकाने एकीचा निर्णय तिच्या हातात राहिला. या निकालाचं स्वागत मीही करते, पण दुसरीचं काय, हा प्रश्न त्यात अडकलेला आहे. आजार अधूनमधून उफाळणाऱ्या, एरवी नोकरी-संसार करणाऱ्या बाईची संमती पालकाच्या सहीपेक्षा हलकी का? शिवाय गर्भपाताच्या हक्कासाठी भांडलेल्या चळवळीला बलात्कारातून राहिलेलं मूल ‘हवं’ म्हणणाऱ्या बाईच्या बाजूने उभं राहणं सोपं गेलं नसणार, हे समजण्यासारखं आहे.

भारताने अपंगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००७ मध्येच मान्य केला होता. त्यात अपंग स्त्रियांसाठी वेगळं कलम आहे. त्याला धरून २०१६ चा कायदा झाला. सातांची एकवीस अपंगत्वं झाली. दरम्यान ‘दिव्यांग’ हा शब्द वरून आला आणि राज्यातल्या पाट्या भराभर बदलल्या. ज्यांना आवडतो त्यांनी तो वापरावा. मला त्यात देवत्व फार आणि रॅम्प कमी दिसतो.

नव्या कायद्याच्या कलम १० नुसार व्यक्तीच्या मुक्त आणि माहितीपूर्ण संमतीशिवाय तिला वंध्यत्व येईल असा कोणताही वैद्यकीय उपचार करता येत नाही. शिरूरला हे कलम असतं तर एकाही मुलीला टेबलावर घेता आलं नसतं. पण तोच कायदा पुढे वाचत गेलं की कलम ९२ लागतं. अपंग स्त्रीच्या स्पष्ट संमतीशिवाय गर्भपात घडवणं हा तिथे गुन्हा आहे, आणि लगेच अपवादही आहे: अपंगत्व तीव्र असेल, तर डॉक्टरचं मत आणि पालकाची संमती पुरेशी. तीव्र म्हणजे किती, हे कलमात सांगितलेलं नाही. ते ठरवणार डॉक्टर आणि पालक. १९९४ मध्येही हेच दोघे होते. पालकाच्या जागी तेव्हा सरकार होतं, एवढाच फरक.